दवाखान्याची कीर्द

यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला बजावले, "रोग आणि औषधे यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. तुम्ही आपल्या सर्वांच्या उपयोगाचे दुसरे काही लिहा." तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहिला तो माझ्या दवाखान्यातील टेबलाचा उजव्या हाताचा खण. १९८४ साली शहापुरात दवाखाना थाटला त्या दिवसापासून पुढची अकरा वर्षे माझा सारा आर्थिक व्यवहार या एका खणातून चालत असे. रुग्णाने दिलेली फी त्यात पडे. औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याचा माणूस आला की त्यातूनच त्याला पैसे दिले जात. कंपाउंडरचा पगार, दुपारचा चहा, मुलांच्या शाळेची फी, घरी न्यायची भाजी, स्कूटरचे पेट्रोल, गणपतीची वर्गणी, सर्व काही त्याच खणातून. रात्री उरेल ते खिशात घालून मी घरी जात असे. खण भरलेला असे तेव्हा मी सधन असे, आणि रिकामा असे तेव्हा "आज रुग्ण कमी होते" अशी स्वतःची समजूत घालत असे.

हे लिहिताना आज संकोच वाटतो. परंतु आपल्यापैकी कित्येकांचा खण अजून तसाच आहे हे ठाऊक असल्यामुळे लिहितो. वैद्यकीय महाविद्यालयात साडेपाच वर्षांत आपल्याला खूप काही शिकवतात, पण जमा कशाला म्हणतात आणि नावे कशाला, हे कोणी शिकवत नाही. आपण दुकानदार नव्हे, या अभिमानापायी पुढे आपणही ते शिकून घेत नाही. वस्तुस्थिती अशी की भाड्याची जागा, दोन नोकर, औषधांचा साठा आणि बँकेचे कर्ज असलेला दवाखाना हा हिशेबाच्या दृष्टीने एक लहान व्यवसायच असतो. आणि तो चालवणारा मनुष्य दिवसभर दुसऱ्यांच्या नाड्या पाहण्यात गुंतलेला असल्यामुळे त्या व्यवसायाची नाडी पाहायला कोणीच नसतो.

१९९५ साली मी कर्ज काढून ईसीजीचे यंत्र घेतले आणि दवाखान्याची डागडुजी केली. रुग्णांची रांग बाहेरच्या कट्ट्यापर्यंत येत होती. तरीही सहाव्या महिन्यात बँकेचा हप्ता चुकला. औषधांच्या व्यापाऱ्याची बाकी वाढत गेली आणि अखेर त्याचा वसुलीचा माणूस सायंकाळी त्याच रांगेत येऊन उभा राहू लागला. रुग्णांसमोर तो काही बोलत नसे. नुसता उभा राही. माझ्या हातून त्या दिवसांत प्रिस्क्रिप्शनवर दोनदा चुकीची तारीख पडली, यावरून माझ्या मनःस्थितीची कल्पना यावी.

माझ्या रुग्णांमध्ये रविवार पेठेतील एका अडत दुकानाचे दिवाणजी होते. मधुमेह जुना, पण स्वभाव नेटका. दर महिन्याला येताना ते एक छोटी वही आणीत. तीत तारीखवार रक्तातील साखर, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची, कीर्दीसारख्या दोन रकान्यांत मांडलेली असे. एके सायंकाळी त्यांनी तो वसुलीवाला पाहिला, आणि रुग्ण संपेपर्यंत थांबून मला विचारले, "डॉक्टर, एक विचारू का? काल रात्री खणात किती होते?"

"असतील पंधराशे-दोन हजार."

"आणि परवा?"

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुम्ही माझी साखर विचारता तेव्हा 'असेल दीडशे-दोनशे' असे मी सांगितलेले तुम्हाला चालते का ओ?"

त्यानंतर तीन महिने दर रविवारी सकाळी ते माझ्याकडे येत राहिले. फी घेतली नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा. या लेखात पुढे जे सांगणार आहे त्यातील निम्मे त्यांचे आहे, उरलेले पुढे सनदी लेखापालांकडून आणि स्वतःच्या चुकांतून शिकलेले.

पहिल्या रविवारी त्यांनी लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही आणली, वर 'श्री' घातले आणि खणातील पैसे मला मोजायला लावले. तो आकडा झाला आरंभीची शिल्लक. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे. येणारा प्रत्येक रुपया डावीकडे, जाणारा प्रत्येक उजवीकडे, आणि रात्री दिवा मालवण्यापूर्वी शिल्लक काढून ती खणातील नोटांशी ताडून पाहायची. ताळा जुळला तर सही. नाही जुळला तर फरक तसाच लिहायचा. आकडा ओढूनताणून जुळवायचा नाही. "आज दहा रुपये कमी, असे लिहिण्यात लाज नाही. दहा रुपयांचा खोटा चहा लिहिण्यात आहे," असे ते म्हणत. हे काम रोजचे. 'रविवारी बसून आठवड्याचे लिहू' म्हणणारा डॉक्टर आणि 'पुढच्या महिन्यापासून पथ्य पाळतो' म्हणणारा रुग्ण यांत मला तरी फरक दिसत नाही.

दुसऱ्या आठवड्यात तीनशे रुपयांचा फरक आला. खिडकीपाशी केसपेपर काढून पैसे घेणारी मुलगी नवी होती. माझा संशय तिच्यावर गेला, आणि सांगायला वाईट वाटते, पण मी तिला तसे बोलूनही दाखवले. दिवाणजींनी शांतपणे विचारले, "धन्याने काय काय नेले?" आठवू लागलो तेव्हा लक्षात आले की बुधवारी दुपारी स्कूटरच्या टायरसाठी मीच तीनशे रुपये उचलले होते. ती मुलगी पुढे एकोणीस वर्षे माझ्याकडे होती. रोजच्या ताळ्याचा पहिला लाभ धन्याला नसून नोकरांना होतो, हे मला त्या दिवशी कळले. जेथे मोजदाद नाही तेथे प्रामाणिक माणसाला आपला प्रामाणिकपणा सिद्ध करण्याचे साधनच उरत नाही.

याच प्रसंगातून 'उचल' हा शब्द माझ्या वहीत आला. धन्याने घरासाठी नेलेला पैसा हा दवाखान्याचा खर्च नव्हे. ती धन्याची उचल. तिचे खाते वेगळे. भाजी, शाळेची फी, लग्नातील आहेर, सर्व काही या एका खात्यात. दिवाणजींचा सल्ला असा होता की महिन्याच्या एक तारखेला ठरावीक रक्कम एकदाच उचलावी आणि मग महिनाभर खणाला हात लावू नये. मला हे जमायला दोन वर्षे लागली. पत्नीला मात्र पहिल्याच महिन्यात जमले, कारण घरखर्चाची वही ती लग्नापासून ठेवत होती आणि मला ते ठाऊकही नव्हते.

महिन्याचे चित्र कसे दिसते, ते आजच्या काळातील कल्पित आकड्यांनी दाखवतो. समजा, एका डॉक्टरकडे दररोज चाळीस रुग्ण येतात, औषधासह सरासरी शंभर रुपये देतात आणि महिन्यात पंचवीस दिवस दवाखाना चालतो. जमा झाले एक लाख रुपये. भाडे १२,०००, दोघांचे पगार २२,०००, औषधे व इंजेक्शने २४,०००, वीज, फोन, साफसफाई व जैववैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट मिळून ५,०००, वर्षातून एकदा येणाऱ्या नोंदणी, विमा आदी खर्चांचा मासिक वाटा २,०००. एकूण ६५,०००. यंत्राच्या कर्जाचा हप्ता १४,०००. हातात उरले २१,०००. घरासाठी मात्र खणातून थोडे थोडे करून जातात ३०,०००. दरमहा नऊ हजारांची तूट. ती कोण भरून काढतो? औषधांचा व्यापारी. त्याची बाकी दरमहा नऊ हजारांनी वाढते, वर्षात एक लाख आठ हजार होते, आणि मग त्याचा माणूस रांगेत येऊन उभा राहतो. दरमहा लाखाच्या नोटा हाताखालून जात असल्यामुळे डॉक्टरला मात्र आपण कोठे बुडत आहोत हे अखेरपर्यंत उमगत नाही.

येथे एक बारकावा आहे. हातात उरलेला पैसा आणि नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरील हप्त्यातील समजा ५,००० व्याज आहे आणि ९,००० मुद्दल. व्याज हा खर्च. मुद्दल फेडणे हा खर्च नव्हे, ते आपले देणे कमी होणे आहे. उलट यंत्र दरमहा झिजते, त्याचा घसारा समजा ५,०००, हा खर्च आहे, जरी त्यासाठी खणातून एक रुपयाही बाहेर जात नसला तरी. तेव्हा नफा झाला एक लाखातून ७५,००० वजा जाता २५,०००. एका डॉक्टरकडे नफा असून हातात पैसा नसतो, दुसऱ्याकडे हातात पैसा असतो पण तो घसाऱ्याचा असतो. सहा वर्षांनी यंत्र बंद पडते तेव्हा दुसरे घेण्याची ऐपत नसते ती यामुळे. घसाऱ्याएवढी रक्कम निराळ्या खात्यात ठेवण्याची शिस्त फार थोड्यांना असते. मलाही ती उशिरा लागली.

वहीने मला आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती पाहायला मी तयार नव्हतो. आपण सारेच काही रुग्ण मोफत पाहतो. दिवाणजींनी सांगितले, "फुकट दिलेत तरी लिहा. फीच्या जागी शून्य घाला, औषध किती गेले ते घाला." मी गरिबांचा डॉक्टर आहे अशी माझी आणि गल्लीतील लोकांचीही भावना होती. वर्षाअखेर शून्याच्या नोंदी वेगळ्या काढल्या तेव्हा दिसले की मोफत औषधांपैकी मोठा भाग नातेवाईक, मित्र, शेजारी, मुलांचे शिक्षक आणि नगरसेवकांच्या ओळखीने आलेले लोक यांच्याकडे गेला होता. ज्यांना खरोखर परवडत नव्हते ते बहुतेक 'पुढच्या बाजाराला देतो' म्हणून जात आणि देऊनही जात. त्या वर्षापासून मी ओळखीच्यांकडून फी घेऊ लागलो. दोन-तीन संबंध दुरावले. असो.

आमच्या बेळगावात सायंकाळी दवाखान्यात रुग्णांइतक्याच नेमाने येणारा आणखी एक इसम म्हणजे पिग्मीवाला. रोज शंभर-दोनशे रुपये त्याच्या हाती द्यायचे, पावती घ्यायची. या पिग्मीचा जनक आपल्यातलाच एक होता, हे नव्या पिढीतील डॉक्टरांना सांगितले पाहिजे. डॉ. टी. एम. ए. पै हे व्यवसायाने डॉक्टर. १९२५ मध्ये उडुपी येथे त्यांनी आपले बंधू उपेंद्र पै आणि वामन कुडवा यांच्यासह एक बँक काढली, तीच पुढे सिंडिकेट बँक म्हणून प्रसिद्ध झाली. १९२८ मध्ये या बँकेने दोन-दोन आण्यांची ठेव रोज दारी जाऊन गोळा करण्याची पिग्मी योजना सुरू केली. मणिपालचे कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालय त्यांनीच १९५३ मध्ये उभारले. १ एप्रिल २०२० रोजी ती बँक कॅनरा बँकेत विलीन झाली. पिग्मी हा शब्द मात्र आपल्या भागात घरोघर उरला आहे. ज्याच्या हाती रोज थोडा रोख पैसा येतो त्याची बचतही रोजच झाली पाहिजे, हे ज्याने ओळखले तो रोज रुग्ण पाहणारा मनुष्य होता, याचे मला नवल वाटत नाही.

पण पिग्मीची नोंद कोठे करावी, यात पुष्कळांची चूक होते. माझीही होत होती. पैसे गेले म्हणजे खर्च झाला, असे मी धरत असे. पिग्मी हा खर्च नव्हे. खणातील पैसा बँकेच्या खात्यात गेला इतकेच. खतावणीत तिचे स्वतंत्र पान हवे आणि महिन्याकाठी ते पासबुकाशी ताडून पाहायला हवे. दुसरे असे की, बँकेतील ठेवींना ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. सहकारी बँकांनाही ते लागू आहे, परंतु सहकारी पतसंस्थांना नाही. पाऊण टक्का जास्त व्याजासाठी आयुष्याची पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवणाऱ्या मित्रांनी हा फरक लक्षात घ्यावा.

आता कायद्याकडे वळतो. हा भाग रुक्ष आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचे कलम ४४-एए आणि त्याखालील नियम ६-एफ यांनी ठरावीक मर्यादेपुढे जमा असलेल्या डॉक्टरांना रोजकीर्द, खतावणी, दिलेल्या बिलांच्या स्थळप्रती आणि खर्चाची मूळ बिले ठेवायला सांगितले. शिवाय केवळ वैद्यकीय व्यवसायासाठी दोन गोष्टी अधिक सांगितल्या. एक, नमुना ३-सी मधील दैनंदिन नोंदवही, जीत तारीख, अनुक्रम, रुग्णाचे नाव, सेवेचे स्वरूप, फी आणि ती मिळाल्याची तारीख लिहायची. दुसरी, वर्षाच्या आरंभी व अखेरीस औषधसाठ्याची यादी. सर्व कागद संबंधित कर-आकारणी वर्ष संपल्यानंतर सहा वर्षे जपायचे. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्याने १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख धरून कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून आपल्या सनदी लेखापालांना नवे क्रमांक आणि नमुने विचारून घ्यावेत. औषधसाठ्याची यादी मात्र कायदा असो वा नसो, ३१ मार्चच्या रात्री कराच. पहिल्या वर्षी माझ्या कपाटात मुदत संपलेल्या औषधांचा इतका ढीग निघाला की त्यातून ईसीजीच्या यंत्राचे दोन हप्ते फिटले असते.

पुष्कळ तरुण डॉक्टर म्हणतात, "आम्हाला वह्या कशाला? आम्ही अनुमानित उत्पन्न दाखवतो." ही सोय २०१६ च्या वित्त कायद्याने व्यावसायिकांना दिली. एकूण जमा पन्नास लाखांच्या आत असेल तर तिच्या निम्मे उत्पन्न धरायचे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून रोखीची जमा पाच टक्क्यांहून अधिक नसेल तर मर्यादा पंचाहत्तर लाख. सोय चांगली आहे, पण ती कर भरण्याची सोय आहे. वरच्या उदाहरणातील डॉक्टरचा खरा नफा जमेच्या चौथा हिस्सा आहे. तो निम्मे दाखवतो. लहान आकड्यांवर कराचा बोजा येत नसेल, पण जमा चाळीस लाखांवर गेली की न मिळालेल्या उत्पन्नावर तो कर भरू लागतो, आणि वही नसल्यामुळे हे त्याला समजतही नाही. निम्म्याहून कमी उत्पन्न दाखवायचे, आणि ते करपात्र मर्यादेच्या वर असेल, तर वह्या आणि लेखापरीक्षण दोन्ही लागतात. वर्ष संपल्यावर वह्या जन्माला घालता येत नाहीत.

मोठ्या रुग्णालयांत सल्लागार म्हणून जाणाऱ्यांची चूक निराळी असते. वीस हजार फी झाली, रुग्णालयाने दहा टक्के कर कापून अठरा हजार बँकेत भरले, की हे अठरा हजार जमा लिहितात. जमा वीस हजार लिहावी आणि दोन हजार आगाऊ भरलेला कर म्हणून त्या खात्यात टाकावे. प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात वीसच हजार दिसतात. आपल्या विवरणपत्रात अठरा दिसले की पत्र येते. शुश्रूषागृह चालवणाऱ्यांनी दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत. एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांहून अधिक रोख दिली तर तो खर्च मान्य होत नाही. आणि एका रुग्णाकडून एका दिवसात किंवा एकाच उपचारासाठी दोन लाख वा अधिक रोख घेता येत नाही. घेतली तर तेवढाच दंड.

आता खणाची जागा बऱ्याच अंशी टेबलावरील क्यूआर कोडने घेतली आहे. त्यामुळे हिशेब आपोआप राहतो असा समज आहे. तो अर्धा खरा आहे. तो कोड डॉक्टरांच्या घरगुती बचत खात्याला जोडलेला असेल, आणि त्याच खात्यात भावाने पाठवलेले पैसे, फ्लॅटचे भाडे आणि भिशी येत असेल, तर तो जुना खणच झाला. फरक इतकाच की हा खण सरकारलाही दिसतो. जुलै २०२५ मध्ये आपल्या कर्नाटकात यूपीआयवरील जमेचे आकडे पाहून हजारो लहान दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, हे आपण वाचलेच. डॉक्टरांच्या उपचारसेवेवर जीएसटी नाही. परंतु दवाखान्याला लागून औषधांचे दुकान असेल, केवळ सौंदर्यवर्धनाचे उपचार होत असतील किंवा जागा भाड्याने दिली असेल, तर कोणती जमा कशाची हे वेगळे दाखवता आले पाहिजे. दवाखान्याचे खाते वेगळे, कोड वेगळा, आणि रात्री त्याचाही ताळा.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा माझ्या वहीत त्या दिवसाची शिल्लक १८,६४० रुपये होती आणि खणातही तेवढेच होते. दुसऱ्या आठवड्यात बँकेत भरताना मला कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही. दिवाणजी तोवर हयात नव्हते.

मात्र या लेखाचे खरे कारण त्याच्या पाच वर्षे आधीचे आहे. माझा एक वर्गमित्र खानापूर रस्त्यावरील एका गावात दवाखाना चालवीत असे. हुशार, प्रेमळ, पंचक्रोशीत नाव. २०११ च्या पावसाळ्यात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, दवाखान्यातच तो हृदयविकाराच्या झटक्याने गेला. दिवसकार्य आटोपल्यावर वहिनी दोन कापडी पिशव्या घेऊन माझ्याकडे आल्या. एकीत बिले, पावत्या, चिठ्ठ्या. दुसरीत पासबुके. म्हणाल्या, "भाऊजी, यात काय आहे ते मला कळत नाही. त्यांनी कधी सांगितले नाही, मी कधी विचारले नाही."

पाच रविवार आम्ही त्या पिशव्या उपसत बसलो. पिग्मीची तीन खाती निघाली. एकावर वारस म्हणून त्याच्या आईचे नाव होते आणि ती माउली चार वर्षांपूर्वीच गेलेली. विम्याच्या एका पॉलिसीचे दोन हप्ते चुकले होते. त्या महिन्यांत त्याच्याकडे पैसा नव्हता असे नाही. ती तारीख कोठे लिहिलेलीच नव्हती. जागामालकाकडे अनामत किती, याची चिठ्ठी सापडली, पण तिच्यावर सही नव्हती. औषधांच्या व्यापाऱ्याने ८४,००० रुपये बाकी सांगितली. त्याची खतावणी स्वच्छ लिहिलेली होती. आमच्याकडे तिच्यासमोर ठेवायला काही नव्हते. तो मनुष्य प्रामाणिक असावा असे मला आजही वाटते. पण वहिनींनी ते पैसे दिले ते केवळ त्याच्या शब्दावर. माझा मित्र रुग्णांच्या केसपेपरवर रक्तदाबाचा आकडा कधी चुकवीत नसे.

चौथ्या रविवारी आम्ही त्याच्या दवाखान्यात बसलो असताना एक वयस्क बाई दारात आल्या. पदराच्या गाठीतून चारशे रुपये काढून टेबलावर ठेवले. "डॉक्टरांचे राहिले होते. भात विकल्यावर देते म्हटले होते." त्या चारशे रुपयांची नोंद आम्हाला कोठेच सापडली नव्हती. त्यांचे नावही आम्हाला ठाऊक नव्हते. त्यानंतर तशा आणखी काही मंडळी आल्या. किती जण आले नसतील हे सांगता येणार नाही, आणि जे आले नाहीत त्यांना दोष देण्याचा अधिकारही आम्हाला नव्हता. वहिनींनी टेबलावरचे एक कोरे पॅड ओढले, बाईंना नाव विचारले, तारीख घातली आणि डाव्या बाजूला लिहिले, जमा रुपये चारशे. त्या दवाखान्याच्या कीर्दीतील ती पहिली नोंद.

घरी आल्यावर मी माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर सर्व काही लिहून काढले: बँकेची खाती, पिग्मी, विम्याच्या तारखा, कर्ज, जागेची अनामत, येणे, देणे, वारसांची नावे, सनदी लेखापालांचा फोन. तेव्हापासून दर दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन झाले की ते पान नव्याने लिहितो आणि पत्नीला वाचून दाखवतो. पहिल्या वर्षी मी वाचत होतो आणि ती लक्ष देऊन ऐकत होती. वाचून संपल्यावर म्हणाली, "सगळे लिहिलेत. टेबलाच्या खणाची दुसरी किल्ली कोठे असते, तेवढे राहिले."

ते मी त्याच रात्री लिहिले.